नानांच्या मुद्राचित्रांचं लॅमिनेशन

आमच्या विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात दर शुक्रवारी चित्रं ओल्या फडक्याने पुसतात. काचा नव्हे, चौकटी नव्हे, चित्रंच. सफाईच्या मावशी बादलीत फिनेलचं पाणी घेतात, फडकं पिळतात आणि कागदावरच्या चित्रावरून वरून खाली सरळ हात मारतात. चित्राला काही होत नाही, कारण ते प्लॅस्टिकच्या दोन थरांत कायमचं बंद झालेलं आहे. मावशींचा काही दोष नाही. त्यांना जे सांगितलं ते त्या करतात, आणि मन लावून करतात. मी मात्र त्या वेळेला बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहते.

मी तिथली संग्रहपाल आहे. पद ऐकायला मोठं आहे, पण अकरा महिन्यांच्या करारावरचं आहे. दर वर्षी करार संपतो, महिनाभर जीव टांगणीला लागतो, मग नवा करार होतो. गाव माझं जळगावजवळचं असोदा. वडिलांची केळी आहेत, भावाची आहेत, आणि मी एकटीच घरातली अशी निघाले की जिने शाई आणि कागद धरला. बडोद्याला जाऊन मुद्राचित्रण शिकले. परत आले तेव्हा जळगाव-धुळे हायवेवर एका संस्थेने नुकतंच खासगी विद्यापीठ काढलं होतं, आणि विद्यापीठ म्हटल्यावर संग्रहालय हवंच असं कोणीतरी अध्यक्षांच्या डोक्यात भरवलं होतं. मी अर्ज केला. मुलाखतीत मला विचारलं, "तुम्ही रांगोळी पण काढता का?" मी हो म्हटलं. नोकरी लागली.

मुद्राचित्र म्हणजे काय हे मी गेल्या सात वर्षांत इतक्या वेळा सांगितलंय की आता सांगताना माझ्याच आवाजाचा मला वीट येतो. लाकूड किंवा लिनोलियम कोरायचं, नाहीतर जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने रेषा खायला लावायच्या. त्यावर शाई चढवायची. ओलसर कागद ठेवून दाब द्यायचा. अशा दहा-पंधरा प्रती निघतात, मग ठसा झिजतो किंवा कलावंत स्वतःच तो बाद करतो. प्रत्येक प्रतीखाली पांढऱ्या पट्टीत पेन्सिलीने सही आणि कितवी प्रत ते लिहायचं. ती प्रत म्हणजेच मूळ चित्र. एवढं सांगून झालं की समोरचा मान डोलावतो आणि म्हणतो, "म्हणजे प्रिंटच ना? खराब झाली तर दुसरी काढायची." यात प्राध्यापकही आले. एकदा तर कुलगुरूंनी एका पाहुण्याला सांगितलं, की या सगळ्या चित्रांच्या आमच्याकडे सॉफ्ट कॉपी आहेत. नव्हत्या.

आमच्याकडे जे होतं ते नानांचं होतं.

नाना धुळ्याचे. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, सत्तरी पार केलेले, उंच, किडकिडीत, अंगात कायम अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. त्यांच्याबद्दल मला पहिल्यांदा कळलं ते बडोद्यात. तिथले एक म्हातारे शिक्षक मी खानदेशची म्हटल्यावर म्हणाले, "मग धुळ्याच्या त्या मास्तरांना ओळखत असशील." मी ओळखत नव्हते. मला लाज वाटली. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले आणि तशीच धुळ्याला गेले.

नानांची पद्धत साधी होती. तरुणपणी आर्ट स्कूलमध्ये सोबत शिकलेले बारा-पंधरा जण देशभर पांगले. त्यांनी ठरवलं, की दर वर्षी आळीपाळीने तिघा-चौघांनी एकेक मुद्राचित्र करायचं, सगळ्यांपुरत्या प्रती काढायच्या आणि पोस्टाने एकमेकांना पाठवायच्या. कोणी मेलं तर त्याच्या जागी त्याचा एखादा विद्यार्थी घ्यायचा. हे चाळीसहून जास्त वर्षं चाललं. धुळ्यातल्या एका दोन खोल्यांच्या घरात कोलकात्याची, हैदराबादची, बडोद्याची, लखनौची मुद्राचित्रं येत राहिली. अगदी अलीकडे एका मुलीने मोबाइलचा फुटलेला काच-पडदा थेट पत्र्यावर उठवून केलेलं चित्रही त्यात होतं. नाना स्वतः बैठकीच्या खोलीत हाताने फिरवायच्या छापयंत्रावर आपलं चित्र काढायचे. ते यंत्र त्यांनी उसाच्या रसवाल्याच्या जुन्या रुळांपासून लेथवाल्याकडून बनवून घेतलं होतं.

पहिल्या भेटीत त्यांनी मला आधी हात धुवायला लावले, मग पंख्याखाली वाळवायला लावले. मग एकेक चित्र पातळ कागदाच्या पदरातून काढून माझ्या पुढ्यात ठेवलं. खिडकीकडे तिरकं धरून दाखवलं. पत्र्यावरून उठलेल्या काळ्या रेषा कागदावर अंगाने वर आलेल्या असतात, उजेड तिरका पडला की त्यांची बारीक सावली दिसते. चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाब बसलेला असतो. मी अडीच तास पाहत बसले. शेवटी नानांनी चहा आणला तो बाहेर ओट्यावर, चित्रांच्या खोलीत नाही.

आमच्या घरी आम्ही 'आहे'ला 'शे' म्हणत नाही, ते पलीकडच्या धुळ्याच्या बाजूचं. पण नानांच्या तोंडची अहिराणी मला फार लवकर आपली वाटायला लागली. मी महिन्या-दोन महिन्यांतून जायला लागले. पुढे संग्रहालयात लागले आणि माझ्या मनात ते आलंच. रिकाम्या भिंती, नवीन कपाटं, एसी, आणि तिकडे धुळ्यात एका म्हाताऱ्या माणसाच्या दिवाणाखाली दीडशेच्या वर चित्रं. अक्का म्हणजे नानांच्या पत्नी गेल्या होत्या. मुलगा पुण्याला. नानांच्या पश्चात हे सगळं रद्दीत जाणार हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी वर्षभर मागे लागले. मीच.

नानांनी एकच प्रश्न केला. "तुमले कागद सांभाळता येई का? कागदले बी हवा लागस, पोरी."

मी म्हटलं, "मी आहे ना, नाना."

दानपत्र झालं. त्यात एक कलम नानांनी स्वतःच्या हाताने घातलं: देखभाल नीट होत नसल्यास दात्याला चित्रं केव्हाही परत नेता येतील. विद्यापीठाने न वाचता सही केली. नाना भाड्याच्या जीपमध्ये, मांडीवर पुठ्ठे घेऊन, धुळ्याहून आले. चित्रं कपाटात गेली तेव्हा त्यांनी प्रत्येक कप्पा स्वतः ओढून पाहिला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि एसटीने परत गेले.

पुढची दोन वर्षं मी जमेल तसं सांभाळलं. जमेल तसं म्हणजे कसं, तर एसी पाहुणे आले की लागायचा. दालनात वाढदिवसाचे केक कापले जायचे. एकदा मी जेवून आले तर चित्रांच्या कपाटावर कोणीतरी भेळेचा कागद ठेवून गेलं होतं आणि चिंचेचं पाणी कप्प्याच्या फटीपर्यंत आलं होतं. एक प्राध्यापक चित्रं उलटताना बोटाला थुंकी लावायचे. मी हात धुवायला सांगितलं तर म्हणाले, "मॅडम, आम्ही काय पेपर तपासायला आलोय का?" असे किळसवाणे प्रसंग सांगत बसले तर वही भरेल.

मग एका कप्प्यात मला कसर दिसली. कागद खाणारी ती चंदेरी सुळसुळती कीड. मी लगेच टिपणी लिहिली. आमच्याकडे तोंडाने सांगितलेलं कोणी धरत नाही, टिपणी लागते. मी लिहिलं, की संग्रहातील कागदांना दमट हवेपासून व कसरीपासून संरक्षण मिळणे अत्यावश्यक आहे, तरी आम्लरहित कागदाच्या पेट्या आणि हवा कोरडी ठेवणारं यंत्र मिळावं. टिपणी वर गेली आणि वरच राहिली. पाच महिने.

ती खाली आली ते मूल्यांकन समिती येणार म्हणून कळल्यावर. विद्यापीठात एकदम रंगरंगोटी सुरू झाली. झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लागला. उपकुलसचिवांनी सगळ्या पडून राहिलेल्या फायली काढल्या आणि प्रत्येकीवर काहीतरी 'कार्यवाही' करायचा सपाटा लावला. हे गृहस्थ वाईट नव्हेत. उलट आमच्या कार्यालयात काम करणारा तो एकच माणूस. मी नेमकी तेव्हा चार दिवस रजेवर होते, असोद्याला चुलत बहिणीचं लग्न होतं.

परत आले त्या सकाळी दालनाच्या दारातच वास आला. गरम प्लॅस्टिकचा, गोडसर, घशात बसणारा. आत एका टेबलावर लॅमिनेशनचं यंत्र सुरू होतं. परीक्षा विभागातून आणलेलं. बाजूला नानांची चित्रं, थप्पीने, चकचकीत, एकमेकांवरून घसरणारी. उपकुलसचिव बाह्या दुमडून स्वतः उभे होते. मला पाहून त्यांचा चेहरा फुलला.

"या मॅडम! तुमचं काम मार्गी लावलं. तुमच्या टिपणीवर पाच महिने कोणी बघितलं नाही, मी चार दिवसांत करून दाखवलं. आता कसर नाही, पाणी नाही, काही नाही. शंभर वर्षं हलत नाही."

मी त्या थप्पीकडे बघत राहिले. त्यांना वाटलं मी भारावले. त्यांनी खिशातून पाकीट काढलं आणि आतलं आधारकार्ड दाखवलं, लॅमिनेट केलेलं. मग म्हणाले की घरी सातबारा, मार्कशीटा, आजोबांचा फोटो, एवढंच काय आईने लिहिलेली हरिपाठाची पानंही त्यांनी लॅमिनेट करून ठेवलीत. ते खरंच सांगत होते. आमच्याकडे असंच आहे. ज्या कागदावर जीव असतो तो माणूस आधी लॅमिनेट करतो. असोद्यात आमच्या देवघरातही दोन-तीन आहेत. त्यांनी नानांच्या चित्रांना घरच्या कागदांचा मान दिला होता.

पातळ जपानी कागदावरचं एक लाकूडठशाचं चित्र रुळात अडकून साडीच्या निऱ्यांसारखं चुरमडून आत बंद झालं होतं. लिनोच्या जाड शाईवर बुडबुडे आले होते. पत्र्याच्या चित्रांवरची ती अंगाने उठलेली रेषा रुळांनी सपाट दाबून टाकली होती. आणि यंत्राच्या तोंडात न मावणारी चित्रं? ती त्यांनी कापली होती. "चित्राला धक्का नाही लावला हां मॅडम," ते म्हणाले, "फक्त बाजूचा कोरा कागद काढला. खाली पेन्सिलीचं काहीतरी गिरगटलेलं होतं, तेही गेलं, स्वच्छ झालं."

मी कचऱ्याच्या डब्यात हात घातला. चहाचे कागदी कप, केळीची सालं, आणि त्यात पट्ट्या. पेन्सिलीच्या सह्या असलेल्या पट्ट्या. अकरा सापडल्या. बाकीचा डबा आदल्या दिवशीच रिकामा झाला होता. माझ्या हाताला चहाचा चोथा लागला होता आणि मी त्याच हाताने त्या पट्ट्या पुसत होते. उपकुलसचिव गोंधळले. त्यांना वाईट वाटलं. "पण मॅडम, तुम्हीच तर संरक्षण लिहिलं होतं," ते म्हणाले. त्यांनी टिपणी काढून दाखवली. होतं. मीच लिहिलं होतं.

मोजलं. शंभराच्या आसपास होऊन गेली होती. साठेक उरली होती, कारण प्लॅस्टिकचा रोल संपला होता. नवा रोल जळगावच्या मार्केटमधून यायचा होता. उरलेली चित्रं मी कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि चावी पर्समध्ये टाकली.

आता मला जे सांगायचं आहे ते इथून पुढचं आहे. इथपर्यंतची किळस सोपी होती, ती दुसऱ्यांची होती.

नानांच्या दानपत्रात ते कलम होतं. एक फोन पुरेसा होता. नाना दुसऱ्या दिवशी जीप घेऊन आले असते, कलम दाखवलं असतं आणि उरलेली साठ चित्रं घेऊन गेले असते. विद्यापीठ हूं की चूं करू शकलं नसतं. मला हे त्या सकाळी, हाताला चहा लागलेला असतानाच कळलं होतं. मी फोन हातात घेतलाही.

पण महिनाअखेर माझा करार संपत होता. समिती येण्याच्या तोंडावर देणगीदार चित्रं परत घेऊन गेला, असं झालं असतं तर ते कोणामुळे झालं हे सगळ्यांना कळलं असतं. मी स्वतःला समजावलं, की आधी रीतसर कळवू, रीतसर मार्गाने थांबवू, मग नानांना सगळं एकदमच शांतपणे सांगू. म्हाताऱ्या माणसाला उगाच धक्का कशाला. एवढं गोड कारण सापडल्यावर मला अगदी हलकं वाटलं.

मी दुसरी टिपणी लिहिली. तीनदा मसुदा केला. मुद्दे घातले, परिच्छेद पाडले. लॅमिनेशनची उष्णता कागदाच्या तंतूंवर काय परिणाम करते ते लिहिलं, पेन्सिलीच्या सहीचं महत्त्व लिहिलं, दानपत्रातल्या कलमाचा हळूच उल्लेख केला, 'विनंती' हा शब्द चार वेळा घातला. अशी टिपणी मी जन्मात लिहिली नव्हती. लिहून झाल्यावर मला खूप शूर वाटलं. आज ते आठवलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

मग वाट पाहिली. रोज चौकशी केली. टिपणी कुलसचिव साहेबांच्या टेबलावर आहे. साहेब मुंबईला आहेत. साहेब आले, पण मीटिंग आहे. टिपणी सही होऊन खाली येतेय. या काळात नानांचा एकदा फोन आला होता, सहज, केळीचे वेफर्स पोचले म्हणून सांगायला. मी त्यांच्याशी वेफर्सबद्दल बोलले. भावाच्या घडांना यंदा भाव बरा मिळाला तेही सांगितलं. नाना म्हणाले, "चित्रं बरी शेत ना?" मी म्हटलं, "कपाटात आहेत." हे खोटं नव्हतं. म्हणून जास्त घाण होतं.

नवव्या दिवशी रोल आला. त्याच दिवशी टिपणीही खाली आली. माझ्या दोन पानी मजकुराच्या समासात हिरव्या शाईत एकच शब्द होता: 'पाहिले.' खाली आद्याक्षरं. उपकुलसचिव दारात उभे राहिले, थोडे अवघडून, आणि म्हणाले, "मॅडम, चावी."

मी म्हणू शकत होते की चावी घरी विसरले. म्हणू शकत होते की हरवली. रडू शकत होते, भांडू शकत होते. मी पर्स उघडली आणि चावी दिली. त्यांनी थँक्यू म्हटलं आणि कपाट उघडून दिल्याच्या नोंदीवर माझी सही घेतली. मी जेवायला गेले. दुपारचं यंत्र सुरू झाल्याचा आवाज कॅन्टीनपर्यंत येत नाही.

समिती आली, पाच जणांची. दालनात सात मिनिटं होती. एका बाईंनी चित्रावर नख वाजवून पाहिलं, टकटक, आणि म्हणाल्या, "व्हेरी वेल प्रिझर्व्ड." उपकुलसचिवांनी माझ्याकडे बोट दाखवलं, हे सगळं आमच्या मॅडमचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. हात जोडून हसले, दात दिसतील असं हसले, आणि त्याचा फोटो विद्यापीठाच्या वार्षिक अंकात आहे. कोणी तो अंक माझ्यापुढे उघडला की मी दुसरीकडे बघते.

करार वाढला.

तीन आठवड्यांनी एका सकाळी नानांचा फोन आला. हायवेवरच्या थांब्यावर उतरलोय म्हणाले. मी स्कूटी घेऊन गेले. नाना रस्त्याच्या कडेला उभे होते, काखेत पिशवी, डोळ्यांखाली सूज. स्कूटीवर बसण्याआधीच म्हणाले, "मना दोस्त गया, पोरी. हैदराबादवाला. परवा." त्यांच्या त्या पोस्टाच्या मंडळातला तो शेवटचा जुना मित्र. "अंत्ययात्रेले जाता नही उनं. इतला लांब कोण नेई माले? त्यानं चित्र तं तुनाकडे शे. म्हटलं जाऊ, ते देखी येऊ."

त्या मित्राच्या चित्रांतलं एक नानांचं सगळ्यात आवडतं होतं. फुटपाथवरची न्हाव्याची खुर्ची, रिकामी, समोर झाडाला टांगलेला आरसा. जस्ताच्या पत्र्यावरचं, इतकं खोल खाल्लेलं की काळा रंग कागदावर सायीसारखा जाड उभा राहिलेला. ते उरलेल्या साठांतलं होतं.

स्कूटीवर पाच मिनिटांचा रस्ता आहे. त्या पाच मिनिटांत मी सांगायला हवं होतं. वारा होता, ट्रक होते, मी म्हटलं ऐकू येणार नाही.

दालनात आल्यावर नानांनी विचारलं, हात कुठे धुवायचे. मी नळ दाखवला. ते हात धुऊन, रुमालाने कोरडे करून आले आणि टेबलापाशी उभे राहिले. मी कप्पा ओढला, चित्र काढलं, त्यांच्यापुढे ठेवलं. ट्यूबलाइटची एक लांब पांढरी रेघ खुर्चीवरून आरपार गेली.

नानांनी चित्र उचललं आणि खिडकीकडे नेलं. तिरकं धरलं. दुसऱ्या बाजूने धरलं. नुसती चकाकी. खाली बघितलं, जिथे सही असते तिथे प्लॅस्टिक होतं. त्यांचा अंगठा तिथे थोडा वेळ फिरत राहिला. मग ते खुर्चीत बसले, चित्र मांडीवर घेऊन.

"बठ्ठं असंच करं का?"

"हो, नाना. सगळंच."

"कव्हय?"

केव्हा ते सांगायचं सोडून मी ऑफिसमध्ये धावले आणि फाईल घेऊन आले. हो, फाईल. त्या माणसाचा मित्र मेला होता, मित्राचा हात पुसला गेला होता, आणि मी त्याच्यापुढे माझ्या बचावाची फाईल ठेवली. भडाभडा बोलत सुटले. मी रजेवर होते नाना, मला न विचारता केलं, मी विरोध केला, लेखी विरोध केला, हे बघा. मी ती दुसरी टिपणी उघडून त्यांच्या हातात दिली. मला शाबासकी हवी होती. हे लिहायला हात धजत नाही, पण तेच खरं आहे. मला त्या क्षणी त्यांनी म्हणावं असं वाटत होतं, की तू तुझ्या परीने केलंस.

नानांनी खिशातून चष्मा काढला. टिपणी वाचली. पहिलं पान, दुसरं पान. घाई नाही, एकेक ओळ. समासातला तो हिरवा शब्द वाचला. मग पानं मागे उलटून वरची तारीख पाहिली. मग पुढची, कपाट उघडून दिल्याची नोंद, तिच्याखाली माझी सही. तिची तारीख पाहिली. बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं.

"चांगली लिखेल शे," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. शाळेत मुलांच्या वह्या बघताना असेल तसाच. "एक बी चूक नही."

त्यांनी चष्मा काढून परत खिशात ठेवला.

"नऊ दिन," नाना म्हणाले. "मना नंबर व्हता ना तुनाकडे?"

"होता."

त्यांनी फाईल मिटली. चित्र टेबलावर ठेवलं. मी सोडायला येते म्हटलं तर हाताने नको म्हणाले आणि फाटकापर्यंतचा तो लांबलचक, दोन्ही बाजूंना गेरू-चुना लावलेला रस्ता उन्हात चालत गेले. मी दालनाच्या खिडकीतून पाहत होते. धुळ्याची एसटी बऱ्याच वेळाने आली.

त्याला आता आठ महिने झाले. नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे. मी तो लावलेला नाही.